ऐकणारा पोरगा वर्गात नसतो

रनाळे, जि. नंदुरबार

चि. माईस,


तू पाठवलेले दोन्ही भाग ऐकले. इतिहासाच्या प्राध्यापिकेने पॉडकास्ट करावा, हे मला मनापासून पटलं. पण तू वर्गातला अख्खा तास उचलून जसाच्या तसा फाइलीत ठेवलास. वर्गात फळा असतो, तुझा चेहरा असतो, शेजारचा पेन मागत असतो. तास निघून जातो. कानात नुसता आवाज उरला की भलेभले मध्येच गळतात. बारा मिनिटांत एकच मुद्दा सांग आणि थांब.

ऐकणार कोण, असं तू विचारलंस. दिवाळीनंतर तुझे निम्मे बाक का ओस पडतात ते आठव. कुणी नंदुरबारच्या मिरची पथारीवर रोजंदारीला असतो, कुणी आईबापांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला गेलेला असतो. हजेरीपटात तो गैरहजर. खिशात मात्र मोबाइल असतो. आपल्या जिल्ह्यातल्या टेंभलीत 2010 साली देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं, तरी धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात आजही रेंज शोधत टेकडी चढावी लागते. म्हणून फाइल हलकी हवी. 64 केबीपीएस, मोनो ठेवलंस तर बारा मिनिटं पावणेसहा एमबीत बसतात. होस्टिंगवर चढवलेला भाग फीडमधून अ‍ॅपवर आपोआप पोचतो, ते कर. पण तीच एमपी3 वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही टाक. एकदा उतरवली की पोरगा रेंज नसतानाही ऐकेल.

असं ऐकून शिकणं आपल्याकडे अगदीच नवं नाही. 1956 साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत एक प्रयोग केला. गावातली वीसेक माणसं आठवड्यातून दोनदा रेडिओभोवती बसायची, अर्धा तास ऐकायची आणि मग आपसांत वाद घालायची. त्यांचे प्रश्न पत्राने केंद्राकडे जायचे आणि उत्तरं पुढच्या कार्यक्रमात यायची. जीव त्या वादात होता. पुढे 1984 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे यूजीसीचे, तास दूरदर्शनवर दिसू लागले. मेहनत मोठी, पण कार्यक्रम मुख्यतः इंग्रजीत, आणि उलट विचारायची सोय नाही. खानदेशातल्या कॉलेजच्या पोराला त्यातलं किती लागलं असेल, तूच सांग.

तेव्हा प्रत्येक भागाच्या शेवटी एक प्रश्न टाक आणि मुलांकडून उत्तर आवाजातच मागव. अहिराणीत देऊ दे, पावरीत देऊ दे. त्यांना विचारून, त्यातली दोन-तीन उत्तरं पुढच्या भागात लाव. लिहिताना ज्यांचा हात अडखळतो ती मुलं बोलताना कशी मोकळी होतात, हे तू वर्गापेक्षा बसस्टँडवर जास्त पाहिलं असशील.

बढतीच्या गुणांचंही बोलू, कारण तुझी खरी धाकधूक तीच आहे. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत ई-कंटेंटला गुण आहेत, पण तो चार क्वाड्रंटमध्ये बांधलेला हवा: व्हिडिओ, वाचनसाहित्य, चाचणी, चर्चा असं सगळं. नुसता ऑडिओ त्या चौकटीत सहजी बसत नाही. बढतीसाठीच करायचं असेल तर करू नकोस, असं मी स्पष्टच म्हणेन. मुलांसाठी करायचं असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लाव, म्हणजे शहाद्याच्या किंवा साक्रीच्या प्राध्यापकाला तुझा भाग बिनदिक्कत वापरता येईल. एकाच विद्यापीठाचा अभ्यासक्रम तीन जिल्ह्यांत शिकवायचा आणि प्रत्येकाने आपापली वही दडवून ठेवायची, ही आपली जुनी खोड आहे. सिनेमाचं गाणं मात्र मागे वाजवू नकोस. ते आपलं नाही, वाटायचा हक्कही आपला नाही.

आवाज घुमतो म्हणालीस. स्टुडिओ कशाला हवा? रनाळ्याला ये. कोठीघरात भिंतींना गोधड्या टांगू, पंखा बंद करू. स्टेशनावरून मालगाडी गेली की तेवढं थांबायचं. आणि कागद बघून वाचू नकोस. तुझी आई शेजारणीला हकिकत सांगते, तशी सांग.

आता विषय. तू घेतलेली गांधार शिल्पकला डोळ्यांनी बघायची गोष्ट आहे, ती राहू दे. 9 सप्टेंबर 1942 घे. नंदुरबारच्या रस्त्यावर तिरंगा घेऊन निघालेल्या शाळकरी पोरांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यात पाच जण गेले: शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा. पाचही नावं सलग सांगणारा विद्यार्थी आज तुझ्या वर्गात सापडेल का? शिरीषकुमारच्या घरची भाषा गुजराती होती. आपलं नंदुरबार तेव्हाही किती भाषांत बोलत होतं, हे कानालाच नीट कळेल. माणिक चौकातल्या स्मारकापाशी उभी राहून रेकॉर्ड कर, गाड्यांचे हॉर्न येऊ देत.

हा भाग 9 सप्टेंबरच्या आधी तयार ठेव आणि पहिला मला पाठव.

तुझा,
मामा