पाण्याच्या उतारानं

चिरगाव, जि. झाशी
माघ वद्य दशमी (तुमच्या पंचांगानं, इथं पौर्णिमेलाच फागुन लागला)

चि. सई,

तुझं पत्र वाचलं, सोबतचा नकाशाही निरखून पाहिला. ऑक्टोबरात दक्षिण स्पेनमध्ये सायकलवर फिरणार म्हणतेस. तुझ्या आईचा जीव टांगणीला लागला असेल, मला मात्र हेवा वाटला. जरूर जा. फक्त एका वाक्यावरून तुझ्याशी भांडायचं आहे. तू लिहितेस, मोटारीचा आवाज कानावर न येता दिवसभर सायकल हाकता येईल असा रस्ता आपल्या देशात उरलेला नाही.

आता मी हे कुठं बसून लिहितोय ते बघ. श्रीनगर–कन्याकुमारी आणि पोरबंदर–सिलचर हे दोन लांबच लांब महामार्ग झाशीला एकमेकांना छेदतात, आणि त्यातला दुसरा कानपूरकडे जाताना चिरगावला खेटून जातो. रात्रभर ट्रक घरघरत असतात. शेजारून झाशी–कानपूर रेल्वे. कानाला विसावा हवा म्हणून कुणी इथं येणार नाही. तरीही आज सकाळी परीछाहून इथवर आलो तेव्हा वाटेत एक दूधवाला भेटला, एक ट्रॅक्टर दिसला तोही उभा, आणि गव्हात सारसांची एक जोडी. मी कालव्याच्या काठानं आलो होतो. इथं त्याला नहर की पटरी म्हणतात.

तुझ्या स्पेनचं आधी बोलू, म्हणजे पुढचं नीट सांगता येईल. तू ज्या वाटांवर खुणा केल्या आहेस त्यांना तिकडे ‘व्हिया व्हेर्दे’, हिरव्या वाटा म्हणतात. १९९३पासून मोडीत निघालेल्या रेल्वेमार्गांच्या त्यांनी पायी आणि सायकलनं जायच्या वाटा केल्या. हाएन ते पुएन्ते हेनिल ही वाट १२८ किलोमीटरची, दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर ऑलिव्ह. तिच्यावरून पूर्वी तेलाची पिंपं वाहणारी गाडी जायची, ती १९८५मध्ये थांबली. पण खरी मौज आहे ती तू नकाशाच्या कोपऱ्यात बारीक खूण केलेल्या दुसऱ्या वाटेत. पुएर्तो सेर्रानो ते ओल्व्हेरा, छत्तीस-एक किलोमीटर. त्यात तीस बोगदे आणि चार मोठे पूल. १९२०च्या दशकात हुकूमशहा प्रिमो दे रिव्हेरानं रेल्वेचा जो पसारा मांडला त्यातलाच हा मार्ग. बोगदे खणले, पूल बांधले, आणि गाडी एकदाही धावली नाही. मधल्या साफ्रामागोनच्या कड्यावर गिधाडांची मोठी वसाहत आहे. ती तेवढी बघ, कारण आपल्याकडे गिधाडं कशी नाहीशी झाली ते तुला ठाऊकच आहे.

तिथल्या डोंगराळ मुलखात ही वाट मांड्यांना का सोसते, विचार कर. लोखंडी चाक लोखंडी रुळावर चढणीला घसरतं, म्हणून रेल्वेचा इंजिनियर शंभर मीटरला दोन-तीन मीटरपेक्षा जास्त चढ सहसा देत नाही. डोंगर आडवा आला तर पोखरतो, दरी आली तर पूल टाकतो. म्हणजे तू पैसे मोजून उपभोगणार आहेस तो कुणा रेल्वे इंजिनियरनं इंजिनाच्या सोयीसाठी काढलेला उतार.

कालव्याचा इंजिनियर तर त्याहून चिकट. उतार जास्त दिला तर पाणी काठ खरवडतं, कमी दिला तर गाळ बसून पात्र भरून येतं. त्यामुळे त्याला जो काही उतार मिळतो तो डोळ्याला दिसतही नाही. जमीन एकदम खाली गेली तर तो पाण्याला एक पायरी करून देतो. इथं तिला झाल म्हणतात, आणि पटरीवर जो काही आवाज आहे तो तिथला. तुमच्या पुण्यात मुठा कालव्याच्या काठानं सकाळी चालणारी मंडळी याच सपाटीचा फायदा घेतात. एवढं लक्षात ठेव, की सपाट मुलखात जिथून पाणी नेलं आहे तिथून सायकल जाते.

बेतवा नदीच्या या कालव्याचं काम १८८१ साली सुरू झालं. परीछाला नदीवर बांध घातला, डाव्या काठानं कालवा काढला, चार-पाच वर्षांत पाणी सुटलं. पुढं त्याच्या दोन मोठ्या शाखा होतात, एक हमीरपूरची आणि एक कुठौंदची. हा नफ्यासाठी काढलेला कालवा नव्हे, दुष्काळनिवारणाच्या खात्यातला. आणि सरकारी हिशेबात तो बरीच वर्षं तोट्यातच राहिला. कारण गमतीचं आहे. इथली काळी माती, तिला मार म्हणतात, तिच्याहून जरा हलकी ती काबर. ही माती पावसाचं पाणी इतकं धरून ठेवते की बऱ्या वर्षी शेतकऱ्याला कालव्याच्या पाण्याची गरजच वाटेना. पाणी विकत घ्यायचं ते दुष्काळ पडला तरच. तुझ्या ओल्व्हेराच्या मार्गावर गाडी आली नाही, आमच्या कालव्यावर गिऱ्हाईक येईना. हल्ली मात्र गहू आणि वाटाण्यामुळे पाण्यासाठी हाणामाऱ्या होतात, ती गोष्ट वेगळी.

पटरी शांत राहिली ती आणखी एका कारणानं. उत्तर प्रदेशात कालव्याच्या काठावर जागोजाग पाटी असते, ‘यह आम रास्ता नहीं है’. ही वाट खात्याच्या माणसांनी काठ तपासत फिरावं म्हणून ठेवलेली. सायकलवाल्याला कुणी अडवत नाही, फार तर पतरौल थांबवून कुठून आलात विचारतो. (पतरौल म्हणजे आपला पाटकरी, पण रुबाब जास्त.) आमच्या राज्यात खास सायकलसाठी बांधलेला रस्ताही आहे, इटाव्याच्या लायन सफारीपासून ताजमहालाच्या पूर्व दरवाजापर्यंत २०७ किलोमीटर, २०१६मध्ये खुला झालेला. मला मात्र दुसऱ्याच कुणाच्या कामासाठी काढलेली वाट जास्त आवडते. तिच्यावर आपली उठाठेव कुणी केलेली नसते.

आता चिरगावबद्दल. हे गाव तू कधी ना कधी वाचलं आहेस, फक्त लक्षात नाही. जुन्या हिंदी पुस्तकांवर खाली बारीक अक्षरात ‘साहित्य-सदन, चिरगाँव (झाँसी)’ असं असायचं. मैथिलीशरण गुप्त १८८६ साली इथं जन्मले, म्हणजे कवी आणि कालवा जवळपास एका वयाचे. आयुष्यभर त्यांनी गाव सोडलं नाही. राज्यसभेत बसले, पद्मभूषण मिळालं, पण पुस्तकं चिरगावातूनच निघायची आणि देशभर जायची. त्यांचे गुरू महावीरप्रसाद द्विवेदी ‘सरस्वती’चे संपादक व्हायच्या आधी झाशीला रेल्वेत नोकरीला होते, तेही ट्रॅफिकच्या कचेरीत! रामायणाच्या कवींनी उर्मिलेला कसं विसरून टाकलं यावर द्विवेदींनी लिहिलं, आणि त्यातून पुढं १९३१चं ‘साकेत’ उभं राहिलं. सगळे वनवासाला निघाले तेव्हा जी घरी राहिली तिच्यावरचं महाकाव्य लिहिणाऱ्यानं स्वतःही गाव सोडू नये, हे मला फार शोभून दिसतं.

आपल्या लोकांचे पायही या मुलखाला लागलेले आहेत. वरसईचे गोडसे भटजी झाशीच्या वेढ्यातून जीव वाचवून निघाले आणि काल्पीच्या अलीकडे एका विहिरीपाशी त्यांना राणी दिसली, ते ‘माझा प्रवास’मध्ये तू शाळेत वाचलंच असशील. झाशी पडल्यावर राणी ज्या काल्पीकडे घोड्यावरून गेली, ती इथून ईशान्येला, यमुनेच्या काठी. महामार्गानं जाणाऱ्याला ती दोन-तीन तासांची. पटरीनं, वाकडंतिकडं, दोन दिवस धर.

आता अडचणी. स्पेनची जाहिरातपत्रकं तिथल्या तुला सांगणार नाहीत, पण इथल्या मला सांगायलाच हव्यात. पहिली, इथली शांतता कुणी लिहून दिलेली नाही. तिकडे मोटारीला कायद्यानं बंदी आहे, इकडे पाण्याची पाळी लागली की पटरीवर माणसं, फावडी, मोटारसायकली, भांडणं सगळं असतं. दुसरी, पाऊस. मार मातीत चाक एकदा रुतलं की मडगार्ड आणि टायरच्या मध्ये चिखल थापला जातो आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. तिसरी, अन्ना जनावरं. दूध आटलं की गाय मोकाट सोडून द्यायची ही बुंदेलखंडातली जुनी रीत, आता ट्रॅक्टर आल्यापासून बैलांनाही तेच. कळपच्या कळप काठावर बसलेले असतात, घंटी वाजवली तर मान वळवतात, उठत नाहीत.

चौथी गोष्ट लिहायला मला आवडत नाही. तू एकटी पटरीवरून निघालीस तर लोक बघतील, मागं येतील, विचारतील. बहुतेक जण काळजीनं, काही जण नुसतेच. ओल्व्हेराला तू एकटी जाशील आणि कुणी ढुंकून बघणार नाही, हा त्या वाटेचा मोठेपणा मी मान्य करतो. तो बोगद्यांहून मोठा आहे. म्हणून इथं मी बरोबर असेन, उजाडल्याबरोबर निघायचं आणि दुपारच्या आत मुक्कामी. दुधाच्या कॅन लावलेल्या सायकलींवरून रोज याच पटरीनं जाणाऱ्यांना आपण मौजेखातर पायडल मारतोय हे पटत नाही. मला अजूनही विचारतात, ‘गाड़ी बिगड़ गई का, दद्दा?’

शिवाय हेही खरं, की केन-बेतवा नदीजोड प्रकल्पाचा पाया डिसेंबर २०२४मध्ये खजुराहोला घातला गेला, दोनशेहून अधिक किलोमीटरचा कालवा होणार आहे, म्हणजे तेवढीच नवी पटरी. पण त्या प्रकल्पापायी पन्नाच्या वाघांच्या जंगलाचा काही भाग बुडणार आहे, म्हणून त्या पटरीची वाट बघवत नाही.

तर बेत असा. होळीच्या आधी यायचं, कारण नंतर ऊन चढतं आणि पुढं लू सुटते. तेव्हा गहू ओंबीवर असतो आणि पळस फुलायला लागलेला असतो. पुण्याहून झेलम एक्सप्रेस थेट झाशीला येते. तुझी महागाची सायकल पार्सलनं पाठवू नकोस, ती ब्रेक-व्हॅनमध्ये बोचक्यांखाली दबून येते. इथं साधी, गिअर नसलेली पुरते. पहिल्या दिवशी झाशी–परीछा एवढं महामार्गानं सोसायचं, तिथून पटरी. चिरगावात मुक्काम, दुसऱ्या दिवशी मोंठ, वेळ उरला तर समथरचा किल्ला. गूळ-शेंगदाणे मी घेतो, पंक्चरचं सामान तू आण, इथलं सोल्युशन धड चिकटत नाही. शेजारच्या मुलाची सायकल मागून ठेवतो, पण तिची सीट गंजून बसली आहे, आधी सोडवून घ्यावी लागेल. तेव्हा तुझी उंची पत्राऐवजी फोनवरच कळव, आणि आईला चौथी गोष्ट वाचून दाखवू नकोस.

तुझा,
झाशीचा मामा