दीड तासाचे नागपूर

आमची आत्या नागपूरला, इंदोऱ्यात. आम्ही कल्याणला. लहानपणापासून हिशेब एकच, नागपूर म्हणजे एक रात्र. संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेस धरायची, कसाऱ्याला मागे जादा इंजिन लागले की घाट आला समजायचे, मग भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा करीत सकाळी नागपूर. मुंबईपासून लोहमार्गाने ८३७ किलोमीटर.

१९९३ साली आजी नागपूरला वारली. तार दुपारी हाती पडली. वडिलांनी उसने पैसे काढून रात्रीची गाडी धरली. आम्ही तेव्हा तेरा वर्षांचे. सकाळी पोहोचलो तर अंत्यविधी आदल्या संध्याकाळीच आटोपलेला. वडील ओट्यावर बसून राहिले. "एका रात्रीने आईचे तोंड चुकले," एवढेच म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात सकाळी नऊला फोन आला. आत्याची तब्येत फार बिघडली होती. पुतण्याने मोबाईलवर विमानाची दोन तिकिटे काढली. महिन्याचा किराणा त्यातच गेला. आम्ही घुटमळलो, तर सौ. म्हणाली, "पैसे पुन्हा मिळतील, आत्या मिळायच्या नाहीत."

तिकिटावर प्रवासाचा वेळ सुमारे दीड तास. आमचा पेशा कारकुनाचा, आकडे दिसले की ताळा घेतल्याशिवाय चैन पडत नाही. मुंबई-नागपूर सरळ रेषेत सुमारे ६८० किलोमीटर. जेट विमान उंचावर तासाला आठशेच्या आसपास कापते. मग तासाभरात का नाही? कारण विमान जागेवरून हलल्यापासून नागपूरला जागेवर थांबेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे बहुधा एका वेळी एकच वापरतात आणि विमानांची रांग लागते. चढणे-उतरणे सावकाश, ते वेगळेच. हिवाळ्यात उंचावरचा वारा पश्चिमेकडून वाहतो, म्हणून जाताना तो पाठीशी आणि येताना समोर.

आता खरी बेरीज पाहा. घरापासून विमानतळ दोन तास, तिथे आधी हजेरी दोन तास, उड्डाण दीड तास, बाहेर पडून इंदोऱ्यापर्यंत एक तास. एकूण साडेसहा. रेल्वेने घरापासून घरापर्यंत चौदा. म्हणजे वाचले साडेसात तास. तिकिटावरचा दीड तास हा अर्धाच हिशेब असतो.

नागपूरला उतरलो. विमानतळाच्या इमारतीवर बाबासाहेबांचे नाव पाहून सौ.ने हात जोडले. चार वाजता आत्याच्या उशाशी होतो. तिने डोळे उघडले. "इतक्या लवकर कसा आला गा?" म्हणाली. आमचा हात तिने सोडला नाही. रात्री नऊच्या सुमारास ती गेली. त्या वेळी विदर्भ एक्स्प्रेस कसाऱ्याच्याच आसपास असते.

वाचक बंधू-भगिनींनो, लग्नकार्याला, दीक्षाभूमीला रेल्वेच बरी. भाकरीचे गाठोडे, चार माणसांच्या गप्पा आणि खिशाला परवडणारे भाडे. पण एखादा दिवस असा येतो की साडेसात तासच सर्वस्व होतात. म्हणून आमच्या वस्तीतल्या भिशीत आम्ही दरमहा थोडी रक्कम अशा प्रवासासाठी बाजूला ठेवू लागलो आहोत. वडिलांच्या वाट्याला जे आले, ते आणखी कोणाच्या वाट्याला येऊ नये.