हाईलब्रॉनचा ‘क्राफ्ट’

मुलांनो, जर्मनीत नेकार नदीकाठी हाईलब्रॉन हे शहर आहे. तिथल्या बाजारचौकात डॉक्टर रॉबर्ट मायरचा पुतळा आहे. जन्म याच गावचा, १८१४ चा. लहानपणी पठ्ठ्याने आपोआप फिरत राहणारं पाणचक्र करून पाहिलं. ते थांबलंच!

१८४० साली तो जहाजावरचा डॉक्टर होऊन जावा बेटाकडे निघाला. त्या काळी आजाऱ्याचं रक्त काढत. खलाशांच्या शिरेतलं रक्त तिथे त्याला फारच लालभडक दिसलं. उष्ण हवेत अंग गरम राखायला शरीर अन्न कमी जाळतं, म्हणून रक्तात प्राणवायू शिल्लक राहतो, असं त्याने ताडलं. मग उष्णता आणि गती ही एकाच गोष्टीची रूपं, ती गोष्ट नाहीशी होत नाही, असं १८४२ मध्ये छापलं.

त्या गोष्टीला नाव? त्याने साधा बोलीतला शब्द उचलला : ‘क्राफ्ट’, म्हणजे ताकद. (त्याचा इंग्रजी भाऊ मात्र कारागिरीकडे वळला!) पंचाईत अशी, की न्यूटनच्या ‘बला’लाही जर्मनीत क्राफ्टच म्हणत. गोंधळ झाला आणि बिचाऱ्या मायरकडे बरीच वर्षं कुणी फारसं बघितलं नाही. पुढे ऊर्जेसाठी ग्रीक मुळाचा ‘एनेर्गी’ रुळला, क्राफ्ट बलाच्या वाट्याला आला. पण वीजकेंद्राला जर्मन लोक अजून ‘क्राफ्टवेर्क’च म्हणतात.