केस परत येतील, पण…

केमोथेरपी घेणाऱ्या बाईला घरचे, शेजारचे, कधी डॉक्टरही समजावतात, ‘केसच ना, येतील परत.’ बहुतेकींच्या बाबतीत ते खरंही ठरतं. झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर ही औषधं घाव घालतात आणि केसांच्या मुळाशी अशाच पेशी असतात. डोक्यावरचे सुमारे ९० टक्के केस एका वेळी वाढीच्या अवस्थेत असतात, म्हणून पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत उशीवर, कंगव्यात, न्हाणीघराच्या जाळीवर पुंजके दिसू लागतात. उपचार संपले की काही महिन्यांत नवे केस उगवतात. तरीही हे सांत्वन तिच्यापर्यंत पोचत नाही, कारण केसांसोबत आणखी काही गेलेलं असतं. गाठ कपड्यांआड असते, रिपोर्ट फायलीत. आजाराबद्दल कुणाला सांगायचं, कुणाला नाही, हे तोवर तिच्या हातात असतं. केस गेले की ते हातातून सुटतं. भाजीवालीपासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना कळतं. भुवया-पापण्या गेल्या की कपाळावरचा घाम थेट डोळ्यांत उतरतो आणि आरशातला चेहरा परका वाटतो. शिवाय आपल्याकडे बाईच्या बोडक्या डोक्याला फार क्रूर इतिहास आहे. केशवपन करून विधवेला चारचौघींतून उठवलं जाई. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंड्यांच्या प्रेरणेने १८९० मध्ये मुंबईच्या न्हाव्यांनी हे काम करायचं नाकारलं, ते त्यातला जुलूम ओळखूनच.

कुणी म्हणेल, तिरुपतीला कितीतरी बायका आपणहून केस देतात आणि समाधानाने परततात, मग इथेच एवढं दुःख का? तिथे देणारी ती स्वतः असते. इथे तिला कुणी विचारलेलंच नसतं. जिवापुढे केसांचं काय, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पण जगण्यासाठी महिनोन्‌महिने सोसायचं, तर सोसणारी ‘मी’ शाबूत राहायला हवी. तिच्या रडण्याला नटवेपणा म्हणणं हा अन्यायच आहे. केस गळणं कमी व्हावं म्हणून डोकं गार ठेवणारी टोपी काही रुग्णालयांत मिळते. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि मुळांपर्यंत औषध कमी पोचतं. ती सगळ्यांना लागू पडत नाही, रक्ताच्या कर्करोगात तर सहसा वापरतच नाहीत. पण त्याबद्दल पहिल्या डोसआधी सांगायला हवं, नंतर सांगून उपयोग नाही. विग, स्कार्फ की उघडं डोकं, हेही तिलाच ठरवू द्यावं. तुमच्या घरी कुणाची केमो सुरू होणार असेल, तर ‘येतील परत’ म्हणण्याआधी, केस आधीच बारीक करून घ्यायचेत का आणि सोबत कोण हवं, एवढं तिला विचारा.