राशोलच्या टेकडीवर

मडगावहून राशोलला जाताना वाटेत राय हे गाव लागते. शिरोड्याची श्रीकामाक्षी ही आमची कुलस्वामिनी, आणि ती मूळची या रायची. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात साष्टीतील देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा भक्तांनी देवीला जुवारीपलीकडे नेले. माझी आजी या वाटेने जाणे शक्यतो टाळीत असे. जावेच लागले तर डोळे मिटून काहीतरी पुटपुटे. तिचे ते भय नकळत माझ्यातही उतरले असावे. एरवी साष्टीत हयात काढून, मराठी विषय घेऊन एम. ए. झालेला मनुष्य पन्नाशी उलटेपर्यंत राशोलची टेकडी चढत नाही, याला दुसरे कारण मला तरी सापडत नाही.

चढलो तो एका सहकाऱ्यामुळे. हे आमच्या शाळेत गणित शिकवीत. धर्माने ख्रिस्ती, स्वभावाने मिस्कील. त्यांच्या हृदयावरील शस्त्रक्रिया आठवड्यावर आली होती. एके दिवशी म्हणाले, "सर, तुमचं ते पुराण घेऊन राशोलला याल?" वास्तविक पुराण त्यांचे! पण त्यांचे शिक्षण रोमी लिपीतील कोंकणीत झालेले. जुनी मराठी त्यांना वाचता येत नसे. माझ्याजवळ मात्र 1956 सालची देवनागरी आवृत्ती होती.

राशोल, जुने नाव रायतूर, हा एके काळचा किल्ला. त्याचा चिऱ्याचा दरवाजा अजून उभा आहे. खाली खाजन शेते, त्यांचे बांध, पुढे जुवारीचे संथ पात्र आणि पैलतीरी शिरोड्याकडचे डोंगर. माथ्यावरील धर्मविद्यालयाचा पाया 1606 साली घातला गेला. जाड भिंती, प्रशस्त चौक, आणि पावलांचाही आवाज करू नये असे वाटावे इतकी शांतता. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 साली राशोलला छापले गेले. भाषा मराठी, छंद ओवीचा आणि अक्षरे रोमन, कारण देवनागरीचे खिळे नव्हते.

हा इंग्रज साधू 1579 च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघाला आणि 24 ऑक्टोबरला गोव्यास पोहोचला. त्या प्रवासाचे पत्र त्याने वडिलांना लिहिले, ते उपलब्ध आहे. पूर्व-पश्चिम अंतर मोजण्याचे साधन खलाशांजवळ नव्हते. हिरड्या सुजून दीडशेवर माणसे आजारी पडली, सत्तावीस दगावली. इतर सफरींच्या मानाने ही हानी थोडीच, असे तो लिहितो! हिंदुस्थान जवळ आल्याची खूण काय, तर ओळखीचे पक्षी, वाहत आलेल्या माडाच्या झावळ्या आणि पाण्यावरचे साप. पुन्हा मायदेशी न परतण्यासाठीच तो आला होता. 1619 साली इकडेच वारला.

मात्र त्याच्या पाठीशी तलवारीची सत्ता होती, हे विसरून मला ते पान वाचता येत नाही. 1583 साली कुंकळ्ळीस पाच जेसुइट मारले गेले. अकबराच्या दरबारी राहून आलेले रुदोल्फ आक्वाव्हिवा त्यांत होते. त्यांचे देह राशोलच्या चर्चमध्ये पुरले होते. पुढे कुंकळ्ळीच्या गावकारांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून दग्याने मारण्यात आले. स्टीफन्स त्या काळी साष्टीतच काम करीत होते. आणि 1684 साली तर फर्मान निघाले की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकावी! ज्या भाषेचे एका पाद्र्याने एवढे कौतुक केले, तीच. तरीही पुराण टिकले ते हस्तलिखितांत आणि लोकांच्या कंठात. टिपूच्या कैदेत श्रीरंगपट्टणला नेलेल्या मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांना याच ओव्यांनी धीर दिला, असे परंपरेने सांगतात.

आम्ही पायऱ्यांवर बसलो. ख्रिस्ताला पकडले त्या रात्रीचा भाग त्यांनी मला वाचावयास सांगितला. मी वाचीत गेलो. अडेल तेथे अर्थ सांगत होतो. मधेच त्यांनी हात वर केला, वर्गात मुले करतात तसा.

"म्हाका भंय दिसता, सर," ते म्हणाले. नंतर बऱ्याच वेळाने, "पण त्या रात्री तोही भ्याला होता. लहानपणापासून ऐकत आलो, पण आज कळलं. भीती नको म्हणून मी इतके दिवस प्रार्थना करत होतो. आता म्हणेन, भीतीसकट मला घेऊन चल."

मला उत्तर सुचेना. मग त्यांनीच शेतात पुरलेल्या ठेव्याची गोष्ट काढली. एका मनुष्याला ठेवा दिसतो आणि तो सर्वस्व विकून ते शेत घेतो. "गणिताचा मास्तर म्हणून विचारतो, सगळं विकून झाल्यावर त्या रात्री त्याला झोप लागली असेल?" आणि स्वतःच हसू लागले.

उतरताना त्यांनी नदीपलीकडे बोट दाखवले. "तुमची कामाक्षी तिथं ना? पुढच्या खेपेला तिकडे जाऊ. मी बाहेर पेडावर बसेन." पुस्तक मी त्यांच्याजवळच ठेवले. मडगावच्या वाटेवर राय आले, तेव्हा मी गाडी थांबवावयास सांगितली आणि खाली उतरून थोडा वेळ रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. ते पुस्तक मांडीवर घेऊन गाडीत बसून होते. घाई करा म्हणून म्हणाले नाहीत.