खोकला ऐकू आला होता

सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली आणि आम्हा मास्तर मंडळींच्या हाती खडूऐवजी थर्मल गन आली. रोज पन्नास घरे. ताप बघायचा, ऑक्सिमीटर बोटाला लावायचा, शुगर आहे का, दमा आहे का ते विचारायचे आणि फॉर्म भरायचा. मोहल्ला आमचाच. निम्म्या घरांतली पोरे आमच्या उर्दू शाळेत शिकलेली. एरवी ज्या घरांत 'सर आये, चाय रखो' असा आवाज यायचा, तिथली दारे आता चार बोटे उघडत. एका खालांनी पडद्याआडून विचारले, "नाम कायकू लिख रे, बेटा? उठाके ले जाते क्या?"

खालांना अडाणी म्हणून मोकळे होण्यात अर्थ नव्हता. त्याच वर्षी दिल्लीच्या मरकजवरून टीव्हीवर जे काही चालले, ते त्यांनी पाहिले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्टला २९ परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा केले गेल्याची शक्यता बोलून दाखवली. पण निकाल आमच्या गल्लीपर्यंत आला नव्हता. टीव्ही आला होता.

त्याच गल्लीच्या टोकाला एक घर. दारात सूनबाई उभी. "सब ठीक है सर, कोई बीमार नहीं." आतल्या खोलीत कुणीतरी खोकत होते, तोंडावर उशी दाबल्यासारखे. आम्ही एकमेकांकडे पाहिले. आशाताईंनी पेन उचलले. आम्ही 'लक्षणे नाहीत' या रकान्यात खूण केली आणि पुढच्या दाराकडे वळलो. सोळा घरे बाकी होती, ऊन चढले होते. आणि खरे सांगायचे तर, आपल्याच माणसांची नावे वर पाठवणारे मास्तर असे नाव आम्हाला नको होते.

या मोहिमेआधी आठवीला इतिहास शिकवताना रँडचा वध आम्ही अनेकदा शिकवला. १८९६ साली मुंबईत मांडवीला प्लेग सापडला. लाखो माणसे शहर सोडून पळाली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. अवघी चार कलमे. आणि चौथ्या कलमात एवढेच, की या कायद्याखाली सद्हेतूने काही केले तर अधिकाऱ्यावर दावा चालणार नाही. पुण्यात गोरे सोजीर घराघरांत शिरले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्टला गोळ्या घातल्या. पाठोपाठ टिळकांवर राजद्रोहाचा खटला, दीड वर्षाची शिक्षा, आणि १८९८ साली राजद्रोहाचे कलमच आणखी कडक. एका रोगाने साम्राज्याला इथवर आणले. तोच १८९७ चा कायदा मार्च २०२० मध्ये आपल्या राज्यात पुन्हा लागू झाला.

पुस्तकात मदनपुरा मात्र नाही. तिथे जुलाहे राहत, उत्तरेतून आलेले विणकर, आपल्या मालेगाव-भिवंडीच्या मोमिनांचे भाईबंद. ९ मार्च १८९८ रोजी झडती पथक एका आजारी मुलीपाशी गेले. वय असेल बारा. परक्या पुरुषाने तिला तपासू नये, एवढेच घरच्यांचे म्हणणे. त्यातून दंगा पेटला, गोळीबार झाला, लष्कर बोलवावे लागले, दोन्हीकडची माणसे मेली. त्यानंतर सरकार नरमले. जमातींची स्वतंत्र प्लेग इस्पितळे चालू दिली गेली. हाफकिनने मुंबईत प्लेगची लस तयार केली तेव्हा विशीतल्या आगाखानांनी लोकांसमोर ती स्वतः टोचून घेतली, मग खोजा जमात पुढे आली. बंदुकीने जे झाले नाही ते एका उघड्या दंडाने झाले.

परदेशांचे दडपण होतेच. १८९७ साली हजची जहाजे थांबवावी लागली. २०२० साली बाहेरच्या देशांतून कुणालाच हजला जाता आले नाही, हे आपल्या सगळ्यांना आठवतेच.

आम्हाला वाटते, साथीत राज्य डळमळते ते मेलेल्यांच्या आकड्याने कमी, आणि न कळलेल्या आजाऱ्यांनी जास्त. अमवासच्या ताऊनमध्ये शाममधील फौजेचे सेनापती हजरत अबू उबैदा (रजि.) गेले, मुआज बिन जबल (रजि.) गेले. सरहद्दीवरची फौज सेनापतीवाचून पडली. पण हजरत उमर (रजि.) सरगहून मागे वळले, कारण पुढे रोग आहे ही खबर त्यांना वेळेवर मिळाली होती. खबर देणारी माणसे आपलीच होती आणि खलिफा ऐकून घेईल याची त्यांना खात्री होती. आमच्या गल्लीत ती खात्री नव्हती. म्हणून वर तहसीलात जो कागद गेला त्यात ती अख्खी गल्ली निरोगी होती. त्या कागदावरून खाटा आणि ऑक्सिजन कुठे लागेल ते ठरणार होते.

चौथ्या रात्री त्या घरातल्या दादांना रिक्षात घालून सरकारी इस्पितळात नेले. ते परत आले नाहीत. जनाजाही मोहल्ल्यातून उठला नाही.

मागच्या वर्षी नवीन प्रवेशांसाठी पुन्हा त्या घरी गेलो. या वेळी दार पूर्ण उघडले, खुर्च्या आल्या, चहा आला. नातवाचा जन्मदाखला आम्ही पाहत होतो. सूनबाई ट्रे हातात घेऊन तशीच उभी राहिली, मग हळूच म्हणाली, "सर, उस दिन दादा की खाँसी सुनाई दी थी ना आपको?"

दाखल्यावरची तारीख आम्ही पुन्हा एकदा वाचली.