खर्जाची शीव

दोन वर्षांमागे दिवाळीच्या सुमारास आम्ही पांढुर्ण्याच्या आमच्या बैठकीत एक लहानसे चित्रपटगृह थाटले. सारे जग ज्याला होम थिएटर म्हणते, तेच. संत्र्यांच्या आंबिया बहाराचे पैसे हाती आले होते, मुलांचा आग्रह होता आणि खरे सांगायचे तर आमचीही हौस होती. समोर तीन ध्वनिक्षेपक, पाठीमागे दोन आणि कोपऱ्यात एक भलाथोरला काळा डबा. या डब्याला सबवूफर म्हणतात. ध्वनीतील अगदी खालचे, मंद्र सप्तकातले स्वर तेवढे त्याने गावे, अशी योजना असते. म्हणून घरात त्याचे नाव पडले ‘खर्जाचा डबा’.

पहिल्या आठवड्यात आमच्या अभिमानाला सीमा नव्हती. येणाऱ्याजाणाऱ्याला बसवून घ्यावे, पडद्यावर वीज कडाडली की खिडकीची तावदाने थरथरावीत आणि पाहुण्याने “वा!” म्हणावे. नळ्यांनी येणारा कर्मचारी बटणे जशी ठेवून गेला होता, त्यांवर आम्ही आपल्या हाताने आणखी थोडा खर्ज चढवला. पैसे मोजले आहेत, तर ते ऐकू आले पाहिजेत, असा आमचा हिशेब!

या गडबडीत एक गोष्ट आमच्या ध्यानात आली नाही. आमच्या मातोश्रींची खुर्ची रिकामी राहू लागली होती. त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. संध्याकाळी बैठकीत बसून मराठी कार्यक्रम पाहावा, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. आता दिवेलागण झाली की त्या ओसरीवर जाऊन वाती वळत बसत. एकदा आम्ही विचारले, तेव्हा म्हणाल्या, “काय बोलून राह्यला तो, मले काही समजूनच नाही राह्यलं बाप्पा. नुसतं ढमढम होऊन राह्यलं.”

आम्ही मनाशी म्हटले, आईचे कान गेले. डॉक्टरांना दाखवले. त्यांनी जे समजावले ते थोडक्यात असे : वय वाढले की कानाची वरच्या पट्टीतील ग्रहणशक्ती आधी उणावते. स, श, फ, ख यांसारख्या व्यंजनांचा जो बारीक सुस्कारा असतो, तो हरवतो. खालचे स्वर मात्र पुष्कळ काळ ऐकू येत राहतात. त्यात भर म्हणजे मोठा खालचा नाद वरच्या बारीक नादांना झाकून टाकतो. म्हणजे आई पूर्ण बहिरी झालेली नव्हती. जे थोडे तिच्या कानात उरले होते, तेही आमच्या डब्याने झाकले होते. घरी परतताना आम्ही फारसे बोललो नाही.

आमची धाकटी बहीण सौंसरला दिलेली आहे. तिचा मुलगा लग्नकार्यांत आणि भजनी मंडळांत ध्वनिव्यवस्था लावण्याचा व्यवसाय करतो. पोळ्याला तो आला, पुरणपोळीचे जेवण आटोपले आणि त्याने यंत्र चालू करून पाच मिनिटे ऐकले. मग म्हणाला, “मामाजी, डब्बा चांगला आहे, पण तुम्ही त्याले मोकाट सोडला. त्याची शीव कुठं आहे?”

या शिवेलाच त्याच्या धंद्यात क्रॉसओव्हर म्हणतात. माणसाचा कान सुमारे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतची कंपने ऐकतो. एवढा पल्ला एकच पडदा नीट गाऊ शकत नाही. मोठा पडदा जड, तो बारीक स्वरांत मागे पडतो. लहान पडदा हलका, तो खर्जात धापा टाकतो. म्हणून कामाची वाटणी करावी लागते. पूर्वीच्या दोन पडद्यांच्या पेटीत ही वाटणी तारेचे वेटोळे आणि कंडेन्सर करीत असत. वेटोळे खालचे स्वर जाऊ देई, कंडेन्सर वरचे. आता घरच्या यंत्रात ती आकड्यांनी होते. अमुक हर्ट्झच्या खालचे डब्याकडे, वरचे ध्वनिक्षेपकांकडे, असे आपण नेमून द्यायचे.

आमच्याकडे हा आकडा १६० वर होता. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झच्या दरम्यान असतो. म्हणजे पडद्यावर बोलणाऱ्या पुरुषाचा अर्धा आवाज त्याच्या तोंडून आणि अर्धा कोपऱ्यातून येत होता!

भाच्याने एका भजनाची ध्वनिफीत लावली आणि म्हणाला, “पखवाज ऐका.” पखवाजाला डाव्या तोंडावर कणीक लावून त्याचा नाद खाली उतरवतात, उजवे तोंड शाईचे, चढ्या सुरातले. आम्ही डोळे मिटून ऐकले आणि चकित झालो. उजवा हात पडद्याजवळ पडत होता, डावा थेट कोपऱ्यात. एका पखवाज्याचे आम्ही दोन पखवाजी केले होते.

मग आकडा बदलण्याचे काम सुरू झाले. प्रथम ६० वर नेले. समोरचे ध्वनिक्षेपक पाच इंची पडद्याचे. त्यांच्या कागदावर खालची मर्यादा ६५ लिहिलेली. ६० वर ते घुसमटू लागले. भाचा म्हणाला, पेटीची जी मर्यादा असेल तिच्या दहा-वीस हर्ट्झ वर शीव ठेवावी, म्हणजे तिला दम खायला जागा राहते. १०० वर पखवाज पुन्हा किंचित फाटला. ८० वर मात्र तो एका जागी, एका माणसाच्या दोन हातांत आला.

हा ८० चा आकडा काही भाच्याचा शोध नव्हे. अमेरिकेतील टॉमलिन्सन होल्मन यांच्या नावाशी निगडित असलेल्या टीएचएक्स या मानकानेही घरगुती चित्रपटगृहासाठी हीच शीव धरली आहे. कारण समजण्यासारखे आहे. ८० हर्ट्झच्या ध्वनीची एक लहर हवेत सुमारे सव्वाचार मीटर लांब असते आणि आपल्या दोन कानांतील अंतर वीतभरही नाही. एवढी लांब लहर कुठून आली, हे कानांना उमगत नाही. म्हणून डबा कोपऱ्यात असला तरी त्याचा नाद समोरच्या पडद्यातून आल्यासारखा भासतो.

परंतु हा आकडा सर्व घरांना लागू नाही. सौंसरला बहिणीकडे मुठीएवढ्या पेट्या आहेत. त्यांचे पडदे तीन इंची. त्यांना ८० पर्यंत उतरवणे म्हणजे लहान मुलाच्या डोक्यावर पोते देण्यासारखे. तिथे भाच्याने शीव १२० वर ठेवली आहे. आणि तेवढ्या उंचीवर कानाला दिशा कळू लागते, म्हणून डबा कोपऱ्यातून काढून समोर, पडद्याच्या लगत मांडला आहे. पांढुर्णा आणि सौंसर २०२३ पासून एका जिल्ह्यात आहेत, पण दोन घरांचा आकडा एक नाही.

आणखी एक चूक निघाली. डब्याच्या पाठीवर स्वतःचेही एक बटण असते. मुख्य यंत्र वाटणी करीत असताना तेही मध्येच आडवे आले, तर एकाच शेताची दोनदा मोजणी होते आणि मधली पट्टी कोणाकडेच राहत नाही. ते बटण शेवटापर्यंत फिरवून बाजूस सारायचे.

आम्हांला वाटत होते की ही शीव म्हणजे भिंत. पलीकडचे पलीकडे, अलीकडचे अलीकडे. तसे नाही. ती उतार असते. ८० च्या वर एक सप्तक चढले, म्हणजे १६० वर गेले, की डबा २४ डेसिबलांनी मंदावतो. पण ८० च्या आसपास दोघेही गात असतात. नीट आखलेल्या वाटणीत ऐन शिवेवर प्रत्येकाचा आवाज निम्मा असतो आणि दोहोंचा मिळून पूर्ण होतो. मात्र दोघांची पावले जुळली पाहिजेत. एक पुढे ढकलत असताना दुसरा मागे ओढू लागला, तर तिथेच आवाजात खड्डा पडतो. ते जुळवायला डब्यावर निराळी कळ असते. ती दोन्हीकडे करून पाहावी आणि जिकडे खर्ज भरीव वाटेल तिकडे ठेवावी.

या भागातील माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. १९५६ मध्ये विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही छिंदवाड्याबरोबर मध्य प्रदेशात राहिलो. नकाशावर रेघ उमटली. पण घरची मराठी कुठे संपते आणि कचेरीतली हिंदी कुठे सुरू होते, हे आमच्या बोलण्यात आजही दाखवता येणार नाही. आमच्या जाम नदीच्या दोन काठांवर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते, ती जगाला ठाऊक आहे. वर्षाचे उरलेले दिवस पांढुर्णा आणि सावरगाव एकाच बाजारात भाजी घेतात, ते कोणी सांगत नाही.

शेवटी राहिली डब्याची जागा. कोपरा खर्जाला फुगवतो. तो बरोबर कुठे बसवावा, याची भाच्याने सांगितलेली रीत ऐकून आम्ही ओशाळलो. डबा आईच्या खुर्चीवर ठेवायचा, पखवाज लावायचा आणि आपण भिंतीकडेने जमिनीवर रांगत फिरायचे; जिथे नाद स्वच्छ आणि सारखा लागेल, तिथे डबा. ओसरीवरून आईने हे पाहिले आणि हसू आवरून म्हणाली, “आता या वयात रांगून राह्यला का रे?” दाराजवळ भिंतीशी ती जागा सापडली. डब्याचा आवाज उतरवला आणि बोलणे जिथून येते, त्या मधल्या ध्वनिक्षेपकाचा थोडा चढवला.

त्या रात्री ‘संत तुकाराम’ लावला. प्रभातचा, दामले-फत्तेलालांचा, १९३६ सालचा. आईने तो मुलीपणी तंबूत पाहिला होता. त्या काळच्या ध्वनिमुद्रणात खर्ज थोडाच; डब्याला जवळजवळ काम नव्हते. विष्णुपंत पागनिसांचा आवाज मधोमध स्वच्छ उभा राहिला. आई वातींचे तबक घेऊन आत आली आणि आपल्या खुर्चीवर बसली. सगळेच शब्द तिला कळत होते असे नाही. मध्ये दोनदा तिने आम्हांला विचारले. कान परत येत नसतात. पण ती अखेरपर्यंत उठली नाही.

दुसऱ्या संध्याकाळी नवा चित्रपट लागला, त्यात मेघगर्जना होती आणि ती तितकीच गंभीर आली. तरीही आईने कोपऱ्याकडे पाहत विचारले, “तो डब्बा विकला का रे? बरं केलं.”

डबा दाराशी होता, तिच्या खुर्चीपासून चार हातांवर, आणि चालू होता. आम्ही काही सांगितले नाही.